मदत हवी आहे : दुसरीतल्या मुलीसाठी हाताने करून बघायचे विज्ञान-गणित वर्ग (पुणे, कोथरूड परिसर)

नमस्कार मंडळी,

लेक सात वर्षांची आहे. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर बघून आम्ही सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार केले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र हलत नाही, हे तिचं तिलाच कळलं. तेव्हापासून घरात काडेपेटी टिकत नाही! (काड्यांचा गुल आधी खरवडून टाकतो, काळजी नसावी.)

आता तिला चार मुलांत मिळून असं काही करायला मिळावं असं वाटतं. दोन ठिकाणी चाचणी तास पाहिले. एकीकडे ताई प्रयोग करत होत्या आणि मुलं हाताची घडी घालून बघत होती. दुसरीकडे नुसत्या वर्कशीट. अ‍ॅबॅकस (मण्यांच्या पाटीवरून झटपट हिशेब) नको आहे, वेगाची घाई आत्ताच कशाला? होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा परीक्षाही सहावी आणि नववीत असते, त्यामुळे तयारीचे वर्ग सुचवू नका, प्लीज.

तुमची मुलं कुठे जातात? एका ताईंमागे किती मुलं असतात? साहित्य प्रत्येकाच्या हातात येतं का? आयुकाच्या (पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था) मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, इतक्या लहान मुलांना कुणी नेलंय का? शनिवार-रविवार असेल तर उत्तम.