थर्मोप्लास्टिक कॉम्पोझिट: वेल्ड करायचं की भोकं पाडायची?

वितळबिंदू
विमानाच्या एका भागाचं कवच, कार्बन तंतू आणि पीपीएस नावाच्या प्लास्टिकचं. त्याला आतून रिब, म्हणजे आधाराची फासळी, जोडायची होती. ड्रॉइंगवर बघतो तर टायटॅनियम फास्टनरची रांगच्या रांग. अहो, हे थर्मोप्लास्टिक आहे, तापवलं की पुन्हा वितळणारं! नेहमीच्या कॉम्पोझिटमधलं एपॉक्सी एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही, तिथे गोंद नाहीतर बोल्ट, ठीक आहे. पण पीपीएस २८० अंशांच्या आसपास वितळतं, पीक (PEEK) नावाचं दुसरं प्लास्टिक ३४३ ला. जोडाची जागा वितळवा, थंड होईपर्यंत दाब सोडू नका, काम झालं. आपण मात्र ज्या तंतूंसाठी एवढा पैसा ओततो तेच ड्रिलने कापतो, वर भोकाच्या काठावर ताण वाढला म्हणून तिथे आणखी थर चढवतो. आणि हे नवं खूळ नाही. एअरबस ए३८० च्या पंखाची पुढची कड काचतंतू-पीपीएसची आहे, रेझिस्टन्स वेल्डिंगने, म्हणजे जोडात घातलेली जाळी विजेने तापवून, जोडलेली. गल्फस्ट्रीम जी६५० चे रडर-एलिव्हेटर, म्हणजे शेपटीचे हलते भाग, इंडक्शनने, म्हणजे बाहेरून कॉइल धरून तापवून.

जोडारी
वेल्ड चांगला झालाय हे कळतं कसं, तेवढं सांगा.
आम्ही चाचणीचे तुकडे केले होते, मध्ये स्टीलची जाळी घालून. अल्ट्रासोनिक स्कॅन एकदम स्वच्छ. मग ओढून तोडले. एकाच्या अर्ध्या भागात तंतू उपटून जाळीत अडकलेले, म्हणजे हवं तसंच. उरलेला अर्धा भाग आरशासारखा गुळगुळीत! दोन पृष्ठभाग नुसते टेकून बसले होते, एकजीव झालेच नव्हते. स्कॅनला फट दिसते, हे दिसत नाही. बोल्टला टॉर्क रेंच लावता येतो, भोकाला गेज लावता येतं, शंका आली तर काढून बघता येतं.

नवशिका
जोडारींना +१. दिसतं त्यावरच विश्वास.

वितळबिंदू
जोडारीबुवा, त्या तुकड्याच्या वेळी करंट, दाब, तापमान नोंदवलं होतं का? जाळीची कड उघडी राहिली की कडेला जळतं आणि मध्ये कच्चं राहतं, हे जुनंच दुखणं आहे. अल्ट्रासोनिक वेल्डिंगमध्ये, म्हणजे कंपनाने वितळवताना, सॉनोट्रोड (कंपन देणारं टोक) किती खाली गेला, किती शक्ती लागली, याचा आलेख दर जोडाला मिळतो.
आणि तुमच्या बोल्टला दिसतं ते सगळं खरं का? ड्रिल तापलं की हे प्लास्टिक कापलं जाण्याऐवजी लिबलिबीत होऊन चिकटतं. ड्रिल पलीकडे निघताना थर सुटतात, आणि समोरून भोक गोल गरगरीत! टॉर्क आजचा दिसतो. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं आणि बोल्टचा ताण उतरतो, तो कोण मोजतं? १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडालं, त्या भेगा रिव्हेटच्या भोकांपासूनच निघाल्या होत्या.

जोडारी
अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथे पत्र्यांमधला गोंद आधी सुटला, भार रिव्हेटवर आला, मग भेगा पडल्या. शिवाय तो ॲल्युमिनियमचा पत्रा होता.

वितळबिंदू
हे मात्र मान्य. उदाहरण माझ्यावरच उलटलं.

कागदपत्री
खरी गोची परवानगीची आहे. अमेरिकी विमान प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत, जो चिकटवलेला सांधा सुटला तर विमान जाऊ शकतं त्याला तीन वाटा आहेत: सांधा एका मर्यादेपलीकडे सुटणार नाही अशी रचना, किंवा प्रत्येक भागावर भार देऊन चाचणी, किंवा ताकदीची हमी देणारी तपासणी. तिसरी अजून भरवशाची नाही, दुसरी खिशाला परवडत नाही. म्हणून लोक चिकटवूनही अधूनमधून रिव्हेट मारतात. इंग्रजीत त्यांना 'चिकन रिव्हेट' म्हणतात, म्हणजे भित्र्यांचे रिव्हेट. आता वेल्डवाले म्हणतात, आमचा सांधा चिकटवलेला नाहीच, तेच प्लास्टिक एकमेकांत मिसळलंय. माझ्या मते मुद्दा बरोबर आहे, पण जोडारींच्या गुळगुळीत अर्ध्या तुकड्याला उत्तर मिळेपर्यंत तपासणारा ऐकायचा नाही.

जोडारी
दुरुस्तीचंही बोला की. हँगरमध्ये, रंग चढलेला, मागे इंधनाची टाकी. कॉइल कुठे धरणार, दाब कशाने देणार?

वितळबिंदू
उघडायची झाकणं वेल्ड करा असं कुणीच म्हणत नाही, तिथे बोल्टच. माझी तक्रार त्या रिबची आहे. ती आयुष्यात कधी काढायची नाही, तरी चाळीस भोकं. वेल्ड करू, आणि दोन्ही टोकांना एकेक बोल्ट देऊ, जोड सोलला जायला सुरुवात तिथूनच होते. चालेल?

जोडारी
टोकाला दोन-दोन. आणि पहिले दहा नग तोडून बघायचे, स्कॅन कितीही स्वच्छ आला तरी.