एमआरआयवरचे पांढरे ठिपके (बी विंगचा ग्रुप)

समीर, ४०४: डॉक्टर वहिनी, आहात का? स्वातीची अर्धशिशी वाढली म्हणून मेंदूचा एमआरआय काढला. वय ४३. रिपोर्टमध्ये लिहिलंय, दोन्ही बाजूंच्या फ्रंटल व्हाइट मॅटरमध्ये काही बारीक टी-टू फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज, नॉन-स्पेसिफिक. न्यूरॉलॉजिस्टची वेळ गुरुवारची मिळालीय. गूगल वाचून माझी झोप उडाली. तिला अजून सांगितलं नाही.

मंदाकाकू, १०२: अरे देवा! माझ्या नणंदेच्या सुनेचंही असंच निघालं होतं, मग एमएस म्हणाले, तो मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मेंदू-मज्जारज्जूचा आजार. लवकर दाखव रे बाबा.

प्रकाश, ३०१: रोज चार भिजवलेले अक्रोड. व्हिडिओ टाकतोय.

डॉ. मेघना, ५०३: प्रकाशदादा, अक्रोड खा, व्हिडिओ नको 😀
समीर, असे रिपोर्ट मी रोज लिहिते. फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात मेंदूतलं मोकळं पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं. म्हणून जिथे पेशींच्या जाळ्यात पाण्याचा अंश वाढलाय, ती जागा पांढरी उठून दिसते, हायपरइंटेन्सिटी म्हणजे तेच. का वाढला, हे तो ठिपका सांगत नाही. वय, बीपी, शुगर, सिगारेट, अर्धशिशी, बी-१२ ची कमतरता, कधीतरी एमएस... डाग सगळ्यांचा पांढराच. नॉन-स्पेसिफिक म्हणजे इतकंच, की नुसत्या चित्रावरून कारण ठरवता येत नाही.

मंदाकाकू, १०२: म्हणजे एमएस नाही ना?

डॉ. मेघना, ५०३: चित्रं न बघता कसं सांगू, काकू? पण एमएसचे डाग सहसा लांबट असतात, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना किंवा कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला चिकटलेले, नाहीतर ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) किंवा मज्जारज्जूत. आणि त्रासही तसा होतो: एका डोळ्याला काही दिवस धूसर दिसणं, हातपाय काही दिवस बधिर राहणं.

समीर, ४०४: तसलं काही नाही. डोकं आणि उलट्या, बस.

डॉ. मेघना, ५०३: अर्धशिशीवाल्या बायकांत असे बारीक ठिपके बरेचदा सापडतात. नेदरलँड्समध्ये अशा बायकांचा ९ वर्षांनी पुन्हा एमआरआय केला. ठिपके वाढले होते, पण स्मरणशक्ती-विचारशक्ती घटल्याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही.

नाना, २०१: माझ्या रिपोर्टातही हेच शब्द आहेत, पुढे 'फझेकास ग्रेड २'. मुलगा म्हणतो, वयोमान. म्हणजे काळजी नको ना?

डॉ. मेघना, ५०३: नाना, शब्द तेच असले तरी तुमचं प्रकरण वेगळं. फझेकास ही अशा डागांची मोजपट्टी, ० ते ३ अशी, १९८७ पासूनची. सत्तरीनंतर थोडे ठिपके बहुतेकांना असतात, पण २ म्हणजे डाग एकमेकांत मिसळायला लागलेत. बीपी किती?

नाना, २०१: वरचं १५०-१६०. गोळी आठवली की घेतो.

नानी, २०१: आठवतच नाही! आणि हल्ली पाय घासत चालतात. लिफ्टपाशी तोल गेला, ते मुलाला कळू दिलं नाही.

डॉ. मेघना, ५०३: मग समीरच्या आधी तुमचा नंबर. एमएस वगैरे राहू दे, आपल्याकडे हे बीपीचं दुर्लक्षच जास्त बघते मी. बारीक रक्तवाहिन्या त्यानंच खराब होतात. २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांचे डाग इतरांपेक्षा कमी वाढले. पण तुमचा तोल जातोय, तेव्हा किती उतरवायचं ते डॉक्टरच ठरवतील. मनानं दोन गोळ्या घेऊ नका.

प्रकाश, ३०१: समीर, तुला माहितीय ना, स्वातीवहिनी याच ग्रुपवर आहेत?

स्वाती, ४०४: सगळं वाचलं. याला वाटतं मी ग्रुप म्यूट केलाय.

समीर, ४०४: 🙈

डॉ. मेघना, ५०३: बरंच झालं, तुलाच विचारते. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्या रेषा येतात का? पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत?

स्वाती, ४०४: रेषा येतात. गोळ्याही चालू आहेत, मागच्या वर्षीपासून. त्यांचा काय संबंध?

डॉ. मेघना, ५०३: त्यात इस्ट्रोजेन असेल आणि अर्धशिशीत अशा रेषा दिसत असतील, तर पक्षाघाताचा धोका वाढतो. गुरुवारपर्यंत थांबू नकोस, ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांना आजच फोन कर. पाकिटाचा फोटो मला वेगळा पाठव, इथे नको. गुरुवारी नुसता रिपोर्ट नाही, एमआरआयची सीडी ने. जुना एखादा स्कॅन असेल तर तोही. बी-१२, थायरॉइड, शुगर झालंय का?

स्वाती, ४०४: बी-१२ कधीच नाही. लावते फोन. नानी, त्याच दिवशी नानांची वेळ घेऊ का? गाडी आमची जाणारच आहे.

नानी, २०१: घे गं. हे नाही म्हणाले तरी घे.