चिमण्यांचे दाणे आणि शिक्र्याचा फेरा

माळवदकर (जिल्हा परभणी)
आमच्या माळवदाच्या कडेला दोन वर्षांपासून ज्वारीची कणसे टांगलेली असतात आणि अंगणातल्या लिंबाखाली पाण्याचे परळ भरलेले असते. ऊन तापू लागले की चिमण्या, होले, साळुंक्या आणि सातभाई यांची सकाळी इतकी दाटी होते की परळ दोनदा भरावे लागते. गेल्या आठवड्यात मी ओसरीत चहा घेत बसलो असताना लिंबाच्या दाट पाल्यातून एक शिक्रा (ससाण्यासारखा लहान शिकारी पक्षी) निघाला, जवळजवळ जमिनीला टेकत आला आणि एका चिमण्याला उचलून समोरच्या पडक्या भिंतीवर जाऊन बसला. पुढे बराच वेळ तो त्याची पिसे उपटत होता आणि त्यांतली काही वाऱ्याने आमच्याच परळात येऊन पडली. त्यानंतर तो आणखी दोनदा आला आहे.

यावरून घरात दोन तट पडले आहेत. आईचे म्हणणे असे की दाणे टाकून पाखरांना मरणाच्या तोंडी देण्यापेक्षा हे बंद केलेले बरे. मला ते पटत नाही. शिक्राही पाखरूच आहे, मार्च ते जून हा त्याच्या विणीचा काळ असतो, आणि सरडे, उंदीर, मोठे किडे यांच्याबरोबर लहान पक्षी हे त्याचे नेहमीचेच अन्न आहे. आम्ही कणीस टांगले नसते तरी त्याने चिमणी दुसरीकडे कोठेतरी धरलीच असती. आपणांस काय वाटते?

गोदाकाठ
‘दुसरीकडे धरलीच असती’ हा युक्तिवाद फार सोयीचा आहे. रानात चिमण्या धसकटांमध्ये पांगून टिपत असतात, शिकाऱ्याला त्या शोधाव्या लागतात आणि त्याच्या बहुतेक झडपा वाया जातात. तुमच्या अंगणात मात्र जागा ठरलेली आहे आणि वेळही ठरलेली आहे. पैठणला नाथसागर जलाशयावर हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की वारकरी पक्ष्यांचे थवे पाणी तुडवत एकमेकांना चिकटतात, आणि ते दृश्य मीही दुर्बिणीतून तासन्‌तास पाहिलेले आहे, परंतु त्या वारकऱ्यांना तेथे कोणी दाणे टाकून गोळा केलेले नसते. पाहणे वेगळे आणि पाहण्यासाठी मांडून ठेवणे वेगळे. घुबडाचे छायाचित्र मिळावे म्हणून जिवंत उंदीर सोडणाऱ्यांना आपण नावे ठेवतो ती याच कारणासाठी. एक स्पष्ट विचारतो, राग मानू नये: तो शिक्रा भिंतीवर बसला तेव्हा आपण मोबाईल काढला होता का?

लिंबोळी
शिक्र्यावर एवढी चर्चा होते आणि मांजराचे नावही कोणी घेत नाही, याचे मला नवल वाटते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारत असावीत असा अंदाज मांडला होता. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण आमच्या गल्लीतला बोका काय करतो हे मी रोज पाहते. कुंड्यांच्या रांगेमागे तो पोट टेकून बसतो, शेपटीचे टोक तेवढे हलत असते, आणि अंघोळ करून पंख ओले झालेली चिमणी त्याला चुकवू शकत नाही. शिक्रा पोटासाठी मारतो; हा बोका दूधभात खाऊन येतो. परळ जमिनीवर, तेही कुंड्यांना लागून ठेवण्याची चूक आमचीच होती. आता ते कमरेइतक्या उंच ओट्यावर आहे, आणि झुडूप तेथून सात-आठ फूट लांब आहे: पाखराला पळून शिरता येईल इतके जवळ, पण बोक्याला एका उडीत गाठता येणार नाही इतके दूर.

जुना_मास्तर
झडप डोळ्यांना दिसते म्हणून तिचा बोभाटा होतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांमध्ये घशाचा एक परजीवी रोग पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. दाण्यापाण्याच्या एकाच जागी होणारी गर्दी त्या रोगाच्या पथ्यावर पडते. पारवे आणि होले हा परजीवी बाळगून असतात. परळ रोज घासावे आणि उरलेले दाणे झाडून काढावेत, एवढे तरी दोन्ही बाजूंनी मान्य करावे.

खळं
तो पावशा तर नव्हे? दिसायला शिक्र्यासारखाच असतो आणि लहान पाखरे त्यालाही भिऊन उडतात.

माळवदकर
पावशा सुरवंट खातो, चिमण्या सोलत बसत नाही. शिवाय त्याची ‘पेरते व्हा’ ही साद ऐकायला अजून अवकाश आहे. गोदाकाठ, आपला प्रश्न झोंबला. होय, मी मोबाईल काढला होता आणि ते चित्र गावाच्या गटावर टाकलेही होते. त्यावर आलेले अंगठे मोजताना आईचे म्हणणे मला आठवले नाही, हे कबूल करतो. कणसे पंधरा दिवस काढून ठेवतो, म्हणजे पाखरे पांगतील आणि शिक्राही दुसरी जागा धरेल. पाणी मात्र बंद करणार नाही. ओढा होळीपूर्वीच आटला आहे आणि एप्रिलच्या दुपारी या गावात पाखराला उघडे पाणी कोठे मिळेल, ते मला कोणी दाखवावे.

गोदाकाठ
पाण्याबद्दल माझे दुमत नाही. पण दाण्याने जमते तशीच गर्दी पाण्यानेही जमते, तेव्हा एका मोठ्या परळाऐवजी चार लहान परळे चार घरी ठेवा. कणसांबाबत मात्र मी म्हणेन की पंधरा दिवसांनी ती परत टांगण्याचे कारणच काय? रानात ज्वारी हुरड्यात आली की हीच माणसे गोफण घेऊन चिमण्या हाकलतात.

माळवदकर
गोफण माझ्या वडिलांनीही फिरवली, आणि खळे झाल्यावर दारात पहिले कणीसही त्यांनीच टांगले. चार परळांचे पटले. एक शेजारच्या विहिरीच्या कठड्यावर ठेवून आलो आहे, दुसऱ्यासाठी आई जागा शोधते आहे. लिंबाखाली ठेवू देत नाही.