मदत हवी आहे : आपली ‘ताई’ आणि कन्नडमधली ‘तायि’

मातृभाषा दिनाला (२१ फेब्रुवारी) चौथीच्या वर्गात नात्यांच्या शब्दांचा तक्ता लावायचा आहे. ‘दादा’ पक्का झाला: मराठी-बंगालीत थोरला भाऊ, हिंदी-गुजरातीत वडिलांचे वडील. ‘मामा’ तर जॉर्जियन भाषेत चक्क बाप! मुलांना हा फार आवडणार. अडलंय ‘ताई’पाशी. मराठीत थोरली बहीण, हिंदीत वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आणि कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. शब्दकोशात अर्थ मिळतो, पण रोजचा वापर कळत नाही. वर्गात घरी कानडी बोलणारी मुलं आहेत, त्यांच्यासमोर चुकीचं नको. बेळगाव, सोलापूर, जतकडच्या कानडी घरांतल्यांनी सांगाल का: मुलं आईला ‘तायि’ अशी हाक मारतात, की ‘अव्वा’, ‘अम्मा’च म्हणतात?