शेकरू : अनेकवचन काय? 'शेकरांची' की 'शेकरूंची'?

घाटवाट
'शेकरू' या झाडावर राहणाऱ्या मोठ्या खारीची माहिती देणाऱ्या, जंगलवाटेवर लावायच्या फलकाचा मजकूर इंग्रजीतून मराठीत करतेय. मी लिहिलं, 'शेकरे झाडाच्या शेंड्याकडे घरटी बांधतात. शेकरांची उडी सहा मीटरपर्यंत जाते.' तपासणाऱ्या गृहस्थांनी लाल पेनाने 'शेकरू' आणि 'शेकरूंची' केलं. वर शेरा : 'शेकरांची हे कानाला चुकीचे वाटते.' पाखरू-पाखरांची, वासरू-वासरांची, मग शेकरू-शेकरांची का नाही? फलक सोमवारी छापायला जातोय.

अनुस्वार
बाई, तुमचंच बरोबर. ऊकारान्त नपुंसकलिंगी नाम : लिंबू-लिंबाचं, घुंगरू-घुंगरांचा. 'शेकरूंची गणना' हे वर्तमानपत्री मराठी.

पिंपळपान
वर्तमानपत्र वाचणारे मराठीच ना? मी आजवर 'शेकराला' कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, सगळे 'शेकरूला' म्हणतात. माणसं बोलतात तसंच व्याकरण होतं.

आंबेगावचा
मी ऐकलंय. माझं आजोळ भीमाशंकरच्या पायथ्याशी. आजी 'शेकरा' म्हणायची, पुल्लिंगी. 'त्यो बघ शेकरा, हिरडीवर.' दिसायचा कधी? आधी आवाज यायचा, खटखट केल्यासारखा. मग मागच्या पायांनी फांदीला लोंबकळून, पुढच्या दोन्ही पायांत उंबर धरून खाताना दिसायचा. अंग तांबूस, पोट पिवळसर पांढरं, शेपूट अंगाहून लांब. आजीचं 'शेकऱ्याला' होतं, म्हणजे हा वाद तिच्या घरी नव्हताच.

चानी_मालवण
आमच्याकडे 'शेकरो'. अंगणातली पट्टेवाली ती 'चानी'. तुमची 'खार' आम्हाला पुस्तकातच भेटली.

दुर्ग_दुपार
व्युत्पत्ती बघा ना! कौलं परतणं, गवत घालणं याला आमच्या भागात 'घर शेकारणे' म्हणतात. हा प्राणी काड्या-पानांनी घर शेकारतो, म्हणून शेकरू. पावसाआधी आजोबा छपरावर चढले की काकू म्हणायची, 'झालं का तुमचं शेकरूपण?'

अनुस्वार
काकूंचा विनोद फक्कड, पण त्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. शेकारतात ते छप्पर. शेकरूचं घरटं चहूबाजूंनी बंद गोळा असतं. शिवाय काड्या-पानं तर कावळाही आणतो, त्याला कुणी शेकरू म्हणत नाही.

आंबेगावचा
आत्ता तुम्हीच 'शेकरूचं' लिहिलंत.

अनुस्वार
घाईत लिहिलं.

पिंपळपान
😄 घाईत जी येते ती मातृभाषा.

दुर्ग_दुपार
बरं, मग 'शेखर' घ्या. शेखर म्हणजे माथ्यावरचा तुरा. प्राणीही झाडाच्या माथ्यावरच राहणारा, जमिनीवर क्वचित उतरणारा.

अनुस्वार
'ख' चा 'क' कसा झाला ते सांगा, मग बोलू.

सीमेपलीकडे
बेळगावहून. कन्नडात साधी खार म्हणजे 'अळिलु'. मल्याळममध्ये शेकरूला 'मलयण्णान', म्हणजे डोंगरातली खार. त्यांनी खारीला डोंगर जोडला, आपण वेगळा शब्दच ठेवला. शास्त्रीय नाव 'राटूफा इंडिका'. भीमाशंकरच्या उपजातीला 'एल्फिन्स्टोनी' हे नाव कर्नल साइक्सने 1831 साली दिलं, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनवरून. गव्हर्नरसाहेबांचं अनेकवचन कुणी विचारत नाही.

घाटवाट
लोकहो, फलक.

पिंपळपान
बायको मला 'पिल्लू' म्हणते. तिने 'पिल्लाला चहा दे' म्हटलं तर मी मांजराकडे बघेन. नाव झालं की शब्द वाकत नाही. शेकरू आता राज्यप्राणी आहे, 1985 साली झालेलं भीमाशंकर अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं, ते 'शेकरू'च राहू द्या.

अनुस्वार
राज्यप्राणी झालं म्हणून विभक्ती माफ होत नाही. राज्यपक्षी हरियालालाही आपण 'हरियालला' म्हणत नाही.

चानी_मालवण
आम्ही हरियालला म्हणतो.

आंबेगावचा
ताई, व्याकरण राहू द्या, त्या 'घरटी' शब्दाजवळ एक ओळ वाढवा. एकेक शेकरा एकाहून जास्त घरटी बांधतो, शेजारच्या झाडाची फांदी लागते तिथे, म्हणजे शत्रू आला तर उडी मारता येते. सहलीची पोरं घरटी मोजून तेवढेच शेकरे धरतात. आणि मधलं एक झाड तोडलं की वाट तुटते, हेही लिहा.

दुर्ग_दुपार
'घरटे' तर पक्ष्याचं. खारीचं ते 'घर' नाही का?

अनुस्वार
सुगरणीचा तर 'खोपा' असतो. त्यासाठी वेगळा धागा काढा.

घाटवाट
छापखान्यातून फोन आला. सगळं एकवचनात केलं : 'शेकरू झाडाच्या शेंड्याकडे एकाहून जास्त घरटी बांधते.' आता तपासणारे विचारतायत, 'बांधते' की 'बांधतो'?