वादळात कौलं उडाली, विम्याच्या क्लेमबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं घर दापोलीजवळ, कौलारू. गेल्या आठवड्यात वळिवाच्या वादळात माडाची झावळ पडवीवर आदळली. सव्वाशे-दीडशे कौलं फुटली, दोन वासे मोडले, माजघराच्या भिंतीला ओल आली. निसर्ग वादळात (जून २०२०) सगळंच छप्पर गेलं होतं, तेव्हा विमा नव्हता. त्यानंतर शहाणपण सुचलं आणि ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घेतली.

दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला. तलाठ्यांनी पंचनामा केलाय, फोटो आहेत. सर्व्हेअर आले, खालूनच मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘वासे आधीच वाळवीने खाल्लेले होते, हे वादळाचं नुकसान नाही.’’ एक वासा जुना आहे, खोटं कशाला बोलू? पण दुसरा गेल्याच वर्षी घातलाय, सुताराची पावती आहे.

आता अडचण अशी की पाऊस तोंडावर आलाय. ताडपत्री बांधलीय, पण वाऱ्याने रात्रभर फडफडते, आईला झोप नाही. अंतिम रिपोर्ट येण्याआधी छप्पर शाकारलं तर क्लेम अडकेल का? मोडके वासे जपून ठेवू ना? सर्व्हेअरचं म्हणणं मान्य नसेल तर थेट विमा लोकपालांकडे जाता येतं, की आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते? जुन्या मापाची मंगलोरी कौलं हल्ली मिळत नाहीत, मग पूर्ण पाखी (छपराची एक उतरती बाजू) बदलायचा खर्च कोणी मंजूर करून घेतलाय का?

अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.