मामांच्या ट्रंकेत सापडलेलं हस्तलिखित स्टाफ नोटेशन: कोणाच्या हातचं, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

माझे मामा गिरगावात राहायचे आणि हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. गेल्या वर्षी ते गेले. खोली आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत मामीच्या साड्यांखाली स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेल्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या, कागदांचा गठ्ठा निघाला. बरेचसे मामांचे व्हायोलिनचे पार्ट आहेत, म्हणजे फक्त त्यांनी वाजवायच्या ओळी. तळाशी सुतळीने बांधलेली ४२ पानं मात्र वेगळीच.

पान मोठं, त्यावर एकाखाली एक १६ स्टाफ, म्हणजे पाच-पाच रेघांच्या ओळी, दर वाद्याला आपली. डावीकडे फ्लूट, ओबो, ट्रम्पेट, चेलो आणि मध्येच सतार. शाई निळी-काळी, वर लाल पेन्सिल. एके ठिकाणी आठ बार (उभ्या रेघांमधले तालाचे कप्पे) सरळ फुली मारून उडवलेत. दुसरीकडे ट्रम्पेटची ओळ खोडून तीच चाल व्हायोलाला (व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाला) दिली आहे. नाव, सही, तारीख काही नाही. चहाच्या कपाचं वर्तुळ तेवढं आहे.

गोव्याचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लताबाई आणि मन्ना डे गायले, त्यात आपण मागच्या रांगेत होतो, हे मामा दर दिवाळीला सांगायचे. त्यामुळे ही पानं गोन्साल्विस यांच्याच हातची असतील, अशी मनात नको ती आशा आहे. पण शंकर-जयकिशनच्या रेकॉर्डिंगलाही ते जायचे, आणि तिथे अरेंजर, म्हणजे चाल कोणत्या वाद्याने कशी वाजवायची ते लिहून देणारे, सेबॅस्टियन डिसोझा. शिवाय नाव कधीच न छापलं गेलेले कितीतरी गोवेकर अरेंजर होतेच.

जुन्या वस्तूंचा एक व्यापारी १५,००० द्यायला तयार आहे. म्हणतो, पानं सुटी करून फ्रेम केली की पटापट जातात. बोलता बोलता फाटक्या पानाला सेलोटेप लावायला निघाला, तेव्हा मी गठ्ठा उचलून घरी आले.

हे मूळ की कॉपीइस्टने उतरवलेलं? विकलं तर कायद्याची काही भानगड? आणि पावसाळ्यापुरतं ठेवू कसं?

प्रतिसाद १

ताई, पानं सुटी अजिबात करू नका. कॉपीइस्ट तयार संगीत उतरवतो, ट्रम्पेटची चाल व्हायोलाला देण्याचा निर्णय त्याचा नसतो. खोडाखोड आहे म्हणजे लिहिणारा कागदावरच विचार करत होता. ऑस्ट्रियन संगीतकार मालरच्या दुसऱ्या सिम्फनीचं हस्तलिखित २०१६ मध्ये लंडनला सुमारे ४५ लाख पौंडांना गेलं. २३२ पानं, सगळी एकत्र, दुरुस्त्यांसकट. त्या दुरुस्त्यांचंच तर मोल. तुमच्याकडे तसा आकडा येणार नाही हे उघड आहे, पण तर्क तोच.

लाल पेन्सिल मात्र वेगळी धरा, ती रेकॉर्डिंगच्या वेळी दुसऱ्या कोणीही फिरवलेली असू शकते. मामांच्या पार्टमधला एखादा या ४२ पानांतल्या व्हायोलिनच्या ओळीशी बारला बार जुळतो का पाहा. जुळला आणि त्यावर गाण्याचं नाव किंवा तारीख असली, तर निम्मं काम झालं.

प्रतिसाद २

कागद तुमचा, संगीत तुमचं नाही. कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि सिनेमासाठी पैसे घेऊन लिहिलेलं असेल तर हक्क बहुधा निर्मात्याकडे. म्हणून सगळी पानं इंटरनेटवर टाकू नका. मूळ हस्तलिखित १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ खाली रचनाकार किंवा वारस वाटा मागू शकतात, पण मूळ हक्क रचनाकाराचाच असेल तर. परदेशी गिऱ्हाईक आलं, तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही आहे. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला ७५ वर्षं झाली की ते बाहेर नेता येत नाही. १९५८ चं असेल तर अजून वेळ आहे.

ठेवायचं तर आम्लरहित कागदात, आडवं. सुतळी काढा, ती कडा कापते. लॅमिनेशन नको, डांबरगोळ्या नकोत, ट्रंक तर नकोच.

धागाकर्ती

दोघांचे आभार. काल रात्री पार्ट लावून बघितले. तिसऱ्या पानापासून एक जुळतोय! त्यावर गाण्याचं नाव नाही, पण मामांच्या अक्षरात पेन्सिलीने 'फ्रान्सिसला ५ रु. देणे' असं लिहिलंय. हा फ्रान्सिस कोण, हे धोबीतलावच्या जुन्या वादकांना विचारायला रविवारी जातेय. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं.